मृत्युपत्रात विद्यापीठाचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ या विषयावर बोलायला सांगितले होते. मी बँकेत लिपिक आहे, म्हणून त्यांना तो विषय सुचला असावा. पण निवृत्तीनंतर पैसे कुठे ठेवावेत हे सांगणारी माणसे तुम्हाला पुष्कळ भेटतात. विमा एजंट भेटतात, पोस्टातले भेटतात, पतपेढीवाले तर घरी येतात. आपल्यामागे त्या पैशाचे काय व्हावे, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून मी विषय थोडा पुढे सरकवून घेतला. आपल्या मिळकतीतला एक वाटा मृत्युपत्राने एखाद्या विद्यापीठाला, म्हणजे पर्यायाने गरजू विद्यार्थ्यांना, कसा ठेवता येतो हे मला आज सांगायचे आहे.

विषय कळताच पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर आठी पडलेली मला दिसते आहे. शुभ-अशुभ आपण केव्हाच सोडले असे आपण म्हणतो. पण घरात मृत्युपत्राचे नाव काढले की कुणीतरी म्हणतेच, ‘असे अभद्र बोलू नये.’

यामागे एक साधे कारणही आहे. आपल्या आजोबा-पणजोबांकडे मागे ठेवायला होते काय? ज्याच्या नावावर सावकाराचे कर्ज तेवढे होते, त्याने मृत्युपत्र कशासाठी करायचे? मृत्युपत्र ही वाड्यातली गोष्ट, वस्तीतली नव्हे, असेच आपण धरून चाललो. परंतु आता परिस्थिती तशी राहिलेली नाही. रेल्वेत, महापालिकेत, पोस्टात, इस्पितळात, शाळेत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेली आपली एक संपूर्ण पिढी निवृत्त झाली आहे. त्यांच्या नावे मुदत ठेवी आहेत, सोसायटीतला फ्लॅट आहे, कुणाची गावाकडे दोन गुंठे जागा आहे. मालमत्ता आली, पण ती मागे कशी ठेवायची याची सवय आपल्याला लागली नाही. आमच्या काउंटरवर हे रोज दिसते.

आपल्या परंपरेत ही रीत मुळात नव्हती असे मात्र कुणी समजू नये. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, आपल्यापैकी अनेकांनी भेट दिली असेल. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणे संघाला दिल्याचे त्यात आहेच, पण मला बँकेत काम करणारी म्हणून रस आहे तो पुढच्या हिशोबात. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारी ठेव. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी स्पष्ट अट आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता हा हिशोब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. एवढेच नव्हे, तर ही गोष्ट निगमसभेत जाहीर केली आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवली, असेही तिथे कोरलेले आहे. म्हणजे रक्कम ठरली, व्याजदर ठरला, उपयोग ठरला, सांभाळणारे ठरले आणि नोंदणीही झाली. आजच्या विद्यापीठातल्या कोणत्याही ठेव निधीच्या कागदात याहून वेगळे काही नसते. पुढे नालंदेच्या काळी ह्युएन त्संगाच्या चरित्रात त्या महाविहाराच्या खर्चासाठी शंभर गावांचा महसूल लावून दिल्याचा उल्लेख येतो. शिक्षण चालते ते अशा कायमच्या तजविजीवर.

तुम्ही म्हणाल, उषवदात राजाचा जावई होता आणि नालंदेला राजांनी गावे दिली. आम्ही कुठून देणार? म्हणून मी आता एका धोबिणीची हकीकत सांगणार आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तिथल्या हॅटिसबर्ग गावात ओसिओला मॅकार्टी नावाची कृष्णवर्णीय बाई राहत होती. जन्म १९०८ चा. आजी आणि मावशीने तिला वाढवले. सहावीत असताना मावशी आजारी पडली, तिची सेवा करायला घरात कुणी नव्हते, म्हणून ओसिओलाने शाळा सोडली. ती पुन्हा शाळेत गेली नाही. त्यानंतर जवळजवळ पंचाहत्तर वर्षे तिने लोकांचे कपडे धुतले आणि इस्त्री केली. अंगणात चुलाणावर पाणी उकळायचे, फळीवर कपडे घासायचे, दोरीवर वाळवायचे. मध्यंतरी तिने धुण्याचे यंत्र आणून पाहिले, पण त्याचे धुणे तिला पसंत पडले नाही आणि ती पुन्हा हातावर आली. सुरुवातीला कपड्यांच्या एका गाठोड्याला दीड-दोन डॉलर मिळत. लग्न केले नाही, मोटार घेतली नाही, बाजारहाट पायी केली. संधिवाताने बोटे वळेनाशी झाली तेव्हा, १९९४ च्या अखेरीस, वयाच्या ८६ व्या वर्षी तिने काम थांबवले.

या सर्व काळात ती एक गोष्ट नियमाने करीत असे. हातात आलेल्या पैशातला काही भाग बँकेत टाकायचा आणि टाकलेला काढायचा नाही. पंचाहत्तर वर्षांचे चक्रवाढ व्याज काय करते हे आम्हा बँकवाल्यांना तोंडपाठ असते, पण प्रत्यक्षात तेवढा धीर धरणारा खातेदार सहसा पाहायला मिळत नाही.

पुढची गोष्ट बँकेतच घडली, म्हणून मला ती विशेष जवळची वाटते. ही बाई म्हातारी झाली, एकटी आहे, हिच्या पैशाचे आणि हिचेही पुढे काय होणार, अशी काळजी बँकेतल्या कर्मचाऱ्यांना वाटू लागली. ट्रस्ट विभागाच्या अधिकाऱ्याने तिला समोर बसवले. टक्केवारी तिला कशी समजावी? त्याने दहा नाणी टेबलावर मांडली. एक नाणे म्हणजे दहावा हिस्सा. तुमच्यामागे कोणाला किती द्यायचे ते नाण्यांनी दाखवा, असे सांगितले. तिने एक नाणे आपल्या चर्चसाठी ठेवले. तीन नाणी तीन नातेवाइकांना, प्रत्येकी एक. उरलेली सहा नाणी तिने गावातल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठासाठी सरकवली. ती रक्कम होती सुमारे दीड लाख डॉलर. ज्यांना फी परवडत नाही अशा मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, एवढीच तिची इच्छा. ज्या वकिलाकडे हे कागद झाले, त्याच्या घरचे कपडेही ती धूत असे.

एक बारकाई लक्षात घ्या. पैसे तिने ताबडतोब देऊन टाकले नाहीत. रक्कम ट्रस्टमध्ये ठेवली, हयातीत तिच्या खर्चाची आणि आजारपणाची तजवीज त्यातूनच व्हायची, आणि नंतर वाटे पडायचे. म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागेल असे दान तिने केले नाही, आणि कुणी करूही नये.

१९९५ च्या जुलैत ही बातमी जाहीर झाली. मग गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि पुढे देशभरातल्या शेकडो लोकांनी त्या निधीत भर घातली. त्यामुळे तिच्या मृत्यूची वाट न पाहता त्याच वर्षी पहिली शिष्यवृत्ती हॅटिसबर्गच्याच एका मुलीला मिळाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या वर्षी तिला नागरिक पदक दिले, १९९६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. सहावीत शाळा सोडलेल्या बाईला! १९९९ मध्ये तिचे निधन झाले.

आता या हकीकतीची दुसरी बाजू सांगते. वर्तमानपत्रांनी तिच्या साधेपणाचे कौतुक पुष्कळ केले, पण या बाजूकडे थोड्यांनीच पाहिले.

ज्या विद्यापीठाला तिने सहा नाणी दिली, त्याच्या दारातून तिच्या समाजाला आयुष्यातला बहुतेक काळ आत येऊ दिले जात नव्हते. त्याच गावच्या परिसरात क्लाइड केनार्ड नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. सैन्यात नोकरी केलेला, शिकागो विद्यापीठात शिकत असलेला. घरच्या अडचणीमुळे तो गावी परतून कोंबड्यांचा व्यवसाय पाहू लागला. राहिलेले शिक्षण गावातल्या कॉलेजात पुरे करावे म्हणून त्याने १९५० च्या दशकात पुन्हा पुन्हा अर्ज केले. प्रवेश मिळाला नाही. उलट १९६० मध्ये पंचवीस डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीचा खोटा आरोप सिद्ध झाल्याचे दाखवून त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावली. तुरुंगात त्याला कर्करोग झाला आणि १९६३ मध्ये तो वारला. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले ते २००६ मध्ये. १९६५ साली त्या विद्यापीठात पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. ओसिओला तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती आणि कपडे धूत होती. तिचे म्हणणे सरळ होते. पूर्वी आमच्या मुलांना तिथे जाता येत नव्हते, आता येते, तेव्हा पैसे नाहीत म्हणून ती मागे राहू नयेत.

हे ऐकताना तुमच्यापैकी कुणाच्या मनात मराठवाडा विद्यापीठ आले असेल, तर मला नवल वाटणार नाही. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे लढलेल्या पिढीतली माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत. विद्यापीठाच्या कमानीवरच्या नावासाठी आपण एवढे दिले. त्या कमानीतून आत गेलेल्या मुलीला वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे भरता येत नाहीत, त्यासाठी आपण काय ठेवले? हा प्रश्न मी कुणाला दोष देण्यासाठी विचारत नाही. आपल्याकडे तोवर ठेवण्यासारखे काही नव्हते. आता आहे, म्हणून विचारते.

काहीजण म्हणतात, ही सरकारची जबाबदारी आहे. आहेच. शासनाची शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. परंतु ती वेळेवर हातात पडत नाही हे इथे बसलेला प्रत्येक विद्यार्थी जाणतो. फी भरायची तारीख ऑगस्टमध्ये आणि पैसे जमा होणार पुढच्या उन्हाळ्यात, तर मधल्या काळात त्या मुलाने काय करायचे? बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती, पण ती ठरलेली होती.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो, ‘मग पोरांचे काय?’ हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. ज्याच्या मुलाचे अजून शिक्षण व्हायचे आहे, ज्याच्या मुलीला नोकरी नाही, घरात कुणी अपंग आहे, त्याने दहाही नाणी घरातच ठेवावीत, त्यात कमीपणा नाही. पण ज्यांची मुले पुण्या-बेंगळुरूला, कुणाची अमेरिकेत स्थिरावली आहेत, ज्यांना वडिलांच्या दोन खोल्या विकायलाही सुटी मिळत नाही, त्यांनी दहातले एक नाणे बाजूला ठेवायला काय हरकत आहे? आणि हे मुलांना हयातीतच सांगून टाकावे. मागाहून वकिलाच्या टेबलावर कळले, तर चांगल्या मुलालाही वाईट वाटते.

आता काउंटरवरच्या गोष्टी. हल्ली आम्हाला सिंगल विंडो ऑपरेटर म्हणतात, पण काम तेच. मृत खातेदाराचे दावे मी बरीच वर्षे हाताळते आहे. त्यात सर्वांत मोठा गैरसमज नॉमिनीचा. लोकांना वाटते, नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झाले. तसे नाही. नॉमिनी बँकेकडून पैसे घेऊ शकतो आणि त्याला दिले की बँक मोकळी होते. पण त्या पैशाचा मालक तो होतोच असे नाही, त्याने ते खऱ्या वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांसाठी घेतलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या बाबतीत आणि २०१० मध्ये बँक ठेवींच्या बाबतीत हे स्पष्ट केले आहे. विम्यात पुढे २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यापुरता वेगळा नियम झाला, तो भाग निराळा. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी ही व्यक्ती असावी लागते. विद्यापीठाचे, संस्थेचे, विहाराचे नाव नॉमिनीच्या रकान्यात लिहिता येत नाही. एक काका मंडळाचे नाव लिहून फॉर्म घेऊन आले होते, तो आम्हाला परत द्यावा लागला. संस्थेला द्यायचे तर मार्ग दोनच, हयातीत दान किंवा मृत्युपत्र.

आणि मृत्युपत्रच नसेल तर? आपल्याला, म्हणजे बौद्धांनाही, १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे पुरुषाची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. त्यात विद्यापीठाला जागा नाही, तुमच्या मनात काय होते याला जागा नाही.

भगिनींनी पुढचे नीट ऐकावे. विधवा स्त्रीला मूलबाळ नसेल आणि तिने मृत्युपत्र केले नसेल, तर तिने स्वतःच्या नोकरीतून मिळवलेली मिळकत आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीचा नियम वेगळा आहे, पण पगाराच्या पैशाचे असे आहे. आपल्या समाजात परिचारिका आणि शिक्षिका म्हणून आयुष्य काढलेल्या, एकट्या राहिलेल्या किती बाया आहेत! त्यांपैकी किती जणींना हे ठाऊक आहे?

आमच्या शाखेत अशा एक बाई होत्या. त्यांची ओळख मी सांगत नाही. निवृत्तिवेतन घ्यायला यायच्या तेव्हा म्हणायच्या, ‘माझ्या मागं हे सगळं पोरींच्या शिक्षणाला.’ त्या वारल्यावर दिरांची मुले आली. त्यांचा आणि बाईंचा वर्षानुवर्षे संबंध नव्हता. त्यांच्या कपाटात एक वही सापडली. वहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, की ठेवींची रक्कम विद्यापीठाला द्यावी आणि तिच्या व्याजातून मुलींना मदत व्हावी. खाली तारीख होती, सही होती. साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. कायद्याने तो कागद मृत्युपत्र ठरला नाही. पैसे पुतण्यांना मिळाले, आणि कायदा पाहता ते बरोबरच झाले. शेजारच्या दोन माणसांना हाक मारून दहा मिनिटे बसवले असते, तर आज त्या व्याजावर एखादी मुलगी शिकत असती.

मृत्युपत्राला फार मोठा कागदोपत्री व्याप लागतो असेही नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात आपल्या मृत्युपत्रांसाठी हिंदूंबरोबर बौद्धांचा नावानिशी उल्लेख आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, अमुकच नमुना हवा असे नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, तो करताना दोन साक्षीदारांनी पाहायचे आणि त्याच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांना सांगावे लागत नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये, उगीच संशयाला जागा राहते. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण त्यांना मागे उरायचे असते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी असे माझे मत आहे. उतारवयात केले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. हयातीत ते केव्हाही बदलता येते, शेवटचे असेल ते खरे. आणि सर्व पार पाडणारा एक विश्वासू माणूस त्यात नावाने नेमून ठेवावा, नाहीतर विद्यापीठाला कळवणार कोण?

गावाकडच्या जमिनीबद्दल सावध करते. वतनाची जमीन असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असण्याची शक्यता आहे आणि तिच्या हस्तांतरणाला अटी असतात. अशी जमीन विद्यापीठाला लिहून ठेवण्यापूर्वी वकिलाला उतारा दाखवावा. माझे मत विचाराल तर संस्थेला जमीन देऊच नये, रोकड रक्कम द्यावी. राहत्या घराचे मात्र एक करता येते. पत्नीला किंवा पतीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि त्यानंतर विक्रीच्या रकमेतला अमुक हिस्सा संस्थेला, असे लिहिता येते.

विद्यापीठाच्या बाजूचेही थोडे पाहू. देणग्या आणि मृत्युपत्राने येणारी रक्कम स्वीकारण्याचा अधिकार महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत व्यवस्थापन परिषदेला असतो. ठेव निधीचे प्रत्येक विद्यापीठाचे नियम असतात, किमान रक्कम ठरलेली असते. म्हणून मृत्युपत्र करण्याआधी कुलसचिव किंवा वित्त व लेखा अधिकारी यांच्याकडे लेखी चौकशी करावी आणि आलेले उत्तर मृत्युपत्रासोबत ठेवावे. संस्थेचे अधिकृत नाव तंतोतंत लिहावे. विद्यापीठांची नावे बदलतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तेव्हा ‘किंवा तिची उत्तराधिकारी संस्था’ हे शब्द घालावेत.

अटी थोड्या ठेवाव्यात. अमुक तालुक्यातला, अमुक विषयात पहिला आलेला, अमुक आडनावाचा, असे लिहून ठेवले की पंधरा वर्षांनी तसा विद्यार्थीच सापडत नाही आणि व्याज पडून राहते. शिवाय आपल्याकडे सुवर्णपदके पुष्कळ आहेत. पहिल्या आलेल्याला पदक मिळते, ते घरात काचेच्या कपाटात जाते. मला तरी परीक्षेची फी भरू न शकलेल्याची जास्त काळजी वाटते. नाव द्यायचे तर आईचे द्यावे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी आईचेच नाव दिले. त्यांनी ती देणगी १८६४ मध्ये दिली आणि १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळून त्यांची मोठी संपत्ती गेली. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. म्हणून ज्यांना झेपते त्यांनी वाट्यातला लहानसा भाग हयातीतच देऊन पाहावा असे मला वाटते. पैसे योग्य विद्यार्थ्यापर्यंत पोचतात की नाही, हे तरी डोळ्यांनी दिसेल.

व्याजाचा हिशोब मोकळेपणाने सांगते. एक लाख रुपये ठेवले आणि व्याज सहा टक्के धरले, तर वर्षाला ६,००० रुपये. त्यात आज एका विद्यार्थ्याची पुस्तके आणि परीक्षा फी कशीबशी भागेल. वीस वर्षांनी त्याच ६,००० रुपयांत काय येईल? चीवराच्या बारा कार्षापणांचीही पुढे हीच गत झाली असणार. म्हणून व्याजातला चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवावा, असे एक वाक्य घालावे. ४,५०० वाटले जातील, १,५०० आत राहतील. आणि एकट्याची रक्कम विद्यापीठाच्या किमान मर्यादेला पुरत नसेल, तर चार-पाच कुटुंबांनी एकाच नावाच्या निधीसाठी आपापल्या मृत्युपत्रात तरतूद करावी. ओसिओलाच्या निधीत शेकडो लोकांनी भर घातली होतीच.

आणखी एक, हे ठेवीदारांनी ऐकून ठेवावे. दहा वर्षे ज्या खात्याला कुणी हात लावत नाही, त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ पासून आहे. वारस मागाहूनही मागू शकतो, पण ठेव आहे हेच वारसाला माहीत नसेल तर तो काय मागणार? म्हणून मृत्युपत्र करणार नसाल, तरी निदान आपल्या खात्यांची यादी करून घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा.

मंडळाच्या संमतीने पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी याच सभागृहात बसणार आहे. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुटी असते, त्यामुळे घरची कामे शनिवारी उरकून रविवारी मी मोकळी असेन. आपल्यापैकी वकिली करणारे दोन तरुण सोबत येणार आहेत, ते मसुदा तपासून देतील, शुल्क घेणार नाहीत. येताना पासबुके, ठेवीच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे आणि सोसायटीचा भाग दाखला घेऊन या. रकमा आम्हाला सांगण्याची गरज नाही, कागदावर हिस्से लिहिले तरी पुरे. ज्यांना लिहिता येत नाही अशा आजी-आजोबांना विद्यार्थ्यांनी हाताला धरून आणावे. टेबलावर मी दहा नाणी मांडून ठेवीन.

जय भीम.